एसएमपीएस बदलल्यानंतर संगणक सुरूच होत नसेल तर

डेस्कटॉप संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की बहुधा जास्त वॅटचा एसएमपीएसही, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबाही, घ्यावा लागतो. तो बसवून, सगळ्या केबल जोडून बटण दाबावे, तर कधी काहीच होत नाही, कधी पंखे क्षणभर फिरून थांबतात, आणि कधी पंखे फिरत राहतात पण मॉनिटर काळाच राहतो. अशा वेळी पहिला संशय नव्या एसएमपीएसवर जातो आणि तो तडक दुकानात परत नेला जातो. नवा एसएमपीएस खराब निघू शकतो, यात शंका नाही. परंतु बसवताना हललेली, अर्धवट बसलेली किंवा राहूनच गेलेली एखादी जोडणी हे कारण त्याहून पुष्कळदा आढळते, आणि ते शोधण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत संगणकात कोणत्या क्रमाने काय घडते हे ठाऊक असले, की काम कोणत्या पायरीवर अडले ते लक्षणांवरूनच कळते आणि शोधाचा आवाका पुष्कळ कमी होतो.

तो क्रम असा आहे. सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची एसी वीज एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत बदलतो, पण हे सगळे दाब एकदम सुरू होत नाहीत. एसएमपीएसच्या मागचा खटका चालू केला की प्रथम फक्त ५ व्होल्टची स्टँडबाय वाहिनी सुरू होते. रंगीत तारांच्या केबलमध्ये तिची तार जांभळी असते. या अल्पशा विजेवर मदरबोर्डचा एक छोटा भाग बटणाची वाट पाहत जागा राहतो. बटण दाबले की मदरबोर्ड हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर आणतो, आणि एसएमपीएसला मुख्य दाब सुरू करण्याची सूचना मिळते ती याच तारेवरून. दाब स्थिर झाल्यावर एसएमपीएस राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो. डेस्कटॉप संगणकांच्या रचनेसाठी ठरलेल्या एटीएक्स मानकानुसार हा संकेत १०० ते ५०० मिलिसेकंदांत यावा लागतो आणि तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. त्यानंतरच प्रोसेसर बायोस, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचू लागतो, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासतो, आणि सर्वांत शेवटी डिस्क शोधून तिच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करतो.

तपासणीला हात घालण्यापूर्वी सुरक्षिततेचे सांगितले पाहिजे. प्रत्येक वेळी कॅबिनेटमध्ये हात घालताना मागचा खटका बंद करावा, वायर सॉकेटमधून काढावी आणि समोरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला भार निघून जातो. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. सवयीने स्क्रू ड्रायव्हर हाती घेणाऱ्यांना हे ठाऊक असते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने ते पक्के ध्यानात ठेवावे.

आता पहिले लक्षण घेऊ: बटण दाबल्यावर अगदी काहीच होत नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर स्टँडबाय विजेचा एक छोटा दिवा असतो. तो पेटलेला नसेल तर वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचतच नाही असे समजून सॉकेटपासून सुरुवात करावी. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, वायर बदलून पाहावी आणि एसएमपीएसच्या मागचा खटका रेघेच्या बाजूला दाबलेला आहे का ते बघावे. त्यावरचा शून्य म्हणजे बंद. काही स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला छोटा लाल खटकाही असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्या सॉकेटला जोडला, तर आतले भाग आवाज करून जळतात. उलट, अमेरिकेत राहणाऱ्या कुणी तोच खटका २३० वर ठेवला तर बहुधा नुकसान होत नाही, पण संगणक सुरू होत नाही. परदेशातून आणलेला किंवा परदेशी पाठवलेला संगणक असेल तर हा खटका सर्वांत आधी पाहावा.

यूपीएसचा विचारही इथेच करावा लागतो, कारण महाराष्ट्रात घरगुती संगणक बहुधा यूपीएसमागे असतो. ६०० व्हीएचा सर्वसाधारण यूपीएस सुमारे ३६० वॅट एवढाच भार घेऊ शकतो, आणि साधे यूपीएस बॅटरीवर चालताना शुद्ध साइन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा तरंग देतात. नव्या, चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचे, सॉकेटमधून ओढल्या जाणाऱ्या प्रवाहाला आकार देणारे मंडल असते. त्यातल्या काहींना हा तरंग मानवत नाही, आणि सुरू होताना ते क्षणभर बराच जास्त प्रवाहही ओढतात. जुन्या एसएमपीएसबरोबर वर्षानुवर्षे निमूट चाललेला यूपीएस नव्याबरोबर बंद पडतो तो यामुळे. म्हणून तपासणीच्या काळात संगणक थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा, स्पाइक बस्टरसुद्धा मध्ये नको.

स्टँडबायचा दिवा पेटतो, पण बटणाला प्रतिसाद नाही, अशी स्थिती असेल तर समोरच्या बटणाची तार तपासावी. मदरबोर्डच्या खालच्या कडेला अगदी बारीक पिनांचा एक गठ्ठा असतो आणि एसएमपीएसच्या जाड केबल ओढताना तिथल्या नाजूक तारा सहज निसटतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बटणाच्या दोन पिना कोणत्या ते दाखवलेले असते. त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक एक क्षण टेकवले की बटण दाबल्यासारखेच होते. एवढ्याने संगणक सुरू झाला तर दोष फक्त बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. प्रतिसाद तरीही नसेल, तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढून पुन्हा बसवावा. तो बसवायला बऱ्यापैकी जोर लागतो, आणि मदरबोर्ड वाकेल या भीतीने माणूस नेमका शेवटच्या दोन मिलिमीटरांआधी थांबतो. खिट्टी अडकल्याचा आवाज येईपर्यंत तो बसलेला नसतो.

दुसरे लक्षण म्हणजे पंखे क्षणभर हलतात आणि सगळे थांबते. ही बहुधा संरक्षणाची खूण असते: कुठेतरी शॉर्ट झाला आहे किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला आहे असे दिसल्यावर एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. कित्येक एसएमपीएस एकदा असे बंद झाले की वायर काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाहीत, त्यामुळे दोष काढल्यानंतरही यंत्र मेल्यासारखे वाटू शकते. या लक्षणात मदरबोर्डाखाली घरंगळलेला स्क्रू शोधावा, कॅबिनेटचा पत्रा कुठे टेकत नाही ना ते पाहावे, आणि मग ग्राफिक्स कार्ड, डिस्क, समोरचे यूएसबी असे एकेक काढत प्रत्येक वेळी बटण दाबून पाहावे. एखादी वस्तू काढताच संगणक चालू राहिला, तर दोष त्या वस्तूत किंवा तिच्या केबलमध्ये आहे.

केबलचा विषय आला की मॉड्युलर एसएमपीएसबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागते, कारण या एका बाबतीतली चूक बाकीच्या सगळ्या चुकांपेक्षा महाग पडते. अशा एसएमपीएसमध्ये केबल कायमच्या जोडलेल्या नसतात. हव्या तेवढ्याच लावता येतात. जुना एसएमपीएसही मॉड्युलर असेल, तर कॅबिनेटमध्ये नीट ओवून बांधलेल्या त्याच्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलावा असा मोह होतो. हे करू नये. केबलचे जे टोक डिस्कला किंवा मदरबोर्डला लागते त्याची रचना मानकाने ठरलेली आहे, पण जे टोक एसएमपीएसला लागते त्यासाठी कोणतेही सामाईक मानक नाही. प्रत्येक कंपनीची, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही, मांडणी वेगळी असते. कनेक्टर अगदी बेमालूम बसतो, आणि जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ व्होल्ट जातात किंवा वीज आणि ग्राउंड यांची अदलाबदल होते. परिणामी नशीब चांगले असेल तर एसएमपीएस बंद पडतो. एरवी डिस्क जळते, आणि तिच्याबरोबर घरातली छायाचित्रे, हिशेब, मुलांचे प्रकल्प हे सगळे जाते. फिरत्या तबकड्यांच्या अनेक हार्ड डिस्कमध्ये अशा वेळी स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या मंडलाला वाचवणारा एक छोटा डायोड असतो. त्यामुळे डिस्क मेल्यासारखी दिसली तरी डेटा शाबूत असू शकतो आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे ती नेण्यात अर्थ असतो. ती फेकून देऊ नये. फिरते भाग नसलेल्या एसएसडीबाबत असा भरवसा धरता येत नाही. नव्या एसएमपीएसला जुन्या केबल लावलेल्या असतील तर इथेच थांबून त्या सगळ्या काढाव्यात आणि नव्या खोक्यातल्या लावाव्यात.

तिसरे लक्षण सर्वांत अधिक भेटते: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. अशा वेळी पहिल्यांदा मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, प्रोसेसरजवळ पाहावे. तिथे ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर लागतो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सची रचना आणली तेव्हा २० पिनांच्या एकाच कनेक्टरवर सगळे भागत असे. २००० मध्ये पेंटियम ४ आला आणि त्या प्रोसेसरची भूक भागवण्यासाठी १२ व्होल्टची ही स्वतंत्र जोडणी सुरू झाली. ती राहून गेली की पंख्यांना वीज मिळते, प्रोसेसरला मिळत नाही, म्हणून संगणक चालू असल्याचा केवळ आभास होतो. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या आडोशाला असल्याने ही जागा नजरेतून सुटते. इथे ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर बसवण्याचा प्रयत्नही काही जण करतात. दोन्ही दिसायला सारखे असले तरी त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. प्रोसेसरचा कनेक्टर चार अधिक चार असा दुभंगतो आणि ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन असा, ही ओळखण्याची सोपी खूण आहे. पिनांचे आकारही चुकीची जोडणी अडेल असेच केलेले असतात, तेव्हा जोर लावावासा वाटला तर हात मागे घ्यावा.

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो, ६ पिनांची जोडणी आणखी ७५ आणि ८ पिनांची १५० वॅट देते. कार्डावर जितके कनेक्टर आहेत तितके सगळे जोडावे लागतात. दोनपैकी एकच जोडून भागत नाही. नव्या कार्डांवरचा १६ पिनांचा कनेक्टर तर पूर्ण आत, फट न दिसेल इतका बसायला हवा, कारण तो अर्धवट राहिला तर पुढे तापून वितळण्याचाही धोका असतो. मग मॉनिटरची केबल पाहावी. कार्ड बसवल्यावर ती कार्डालाच जोडायची, वर मदरबोर्डला नाही. कार्ड काढून चाचणी घ्यायची असेल तर प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे का हे आधी ठरवावे: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे त्यांत, आणि एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेत ज्यांच्या नावात ‘जी’ नाही त्यांत, ते नसते. तिथे मदरबोर्डच्या पोर्टवर कितीही वेळ वाट पाहिली तरी चित्र येणार नाही आणि त्यावरून मदरबोर्ड खराब आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

रॅमही याच टप्प्यात येते. मोठा कनेक्टर दाबताना मदरबोर्ड लवतो आणि शेजारची रॅमची पट्टी किंचित वर येते. सर्व पट्ट्या काढून एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना आवाज येईपर्यंत बसवावी. आपल्याकडे रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसण्याची पद्धत आहे. संपर्क मळलेले असतील तर तिचा उपयोग होतो, पण हलक्या हाताने पुसावे आणि कण पूर्ण झटकावेत, कारण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर तोच नवा अडथळा होतो. मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) असे लिहिलेले चार बारीक दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते पाहावे. बायोसचे काम कोणत्या पायरीवर थांबले हे तो थेट सांगतो. मात्र डीडीआर५ रॅम असलेला संगणक बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्यावर पहिल्यांदा रॅम जुळवून घ्यायला कित्येक मिनिटे घेऊ शकतो. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि त्या अवधीत पुन्हा पुन्हा बटण दाबणे चुकीचे आहे.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर सर्वांत बोलकी चाचणी जुन्या एसएमपीएसची. ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून, अंगभूत ग्राफिक्सवर, जुना एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलसह पुन्हा जोडावा; कॅबिनेटबाहेर ठेवून जोडला तरी चालतो. संगणक पूर्वीसारखा सुरू झाला तर दोष नव्या एसएमपीएसमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. जुन्यावरही सुरू झाला नाही तर बसवताना दुसरेच काहीतरी हलले किंवा बिघडले आहे आणि नवा एसएमपीएस बदलून आणण्यात वेळ जाईल. एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड एकाच दिवशी बदलण्यापेक्षा आधी एसएमपीएस बसवून जुन्या कार्डावर संगणक चालवून पाहावा असे मला ठामपणे वाटते, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की संशयितही दोन होतात.

नव्या एसएमपीएसची स्वतंत्र परीक्षा घेण्याचा एक प्रसिद्ध मार्ग म्हणजे तो संगणकापासून पूर्ण सोडवून, वायर काढलेली असताना, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडणे आणि मग वीज सुरू करणे. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतो. या परीक्षेच्या मर्यादा मात्र मोठ्या आहेत. भार पडल्यावर दाब टिकतो का हे तिच्यातून कळत नाही, आणि कमी भारावर पंखा मुद्दाम बंद ठेवणाऱ्या एसएमपीएसमध्ये पंखा फिरला नाही तरी तो दोष नसतो. मल्टिमीटर असेल तर डीसीच्या २० व्होल्टच्या मापावर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. मानकाने दिलेली सूट पाच टक्क्यांची आहे. अलीकडच्या कित्येक एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे अंदाजाने क्लिप घालू नये. पिनांचा तक्ता समोर नसेल तर ही परीक्षा सोडून द्यावी.

वॅट कमी पडतात म्हणून संगणक सुरूच होत नाही, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते, कारण सुरू होताना ग्राफिक्स कार्ड आपली पूर्ण भूक दाखवत नाही. वॅट कमी पडले तर संगणक खेळ रंगात आल्यावर बंद पडतो. तरी लेबल वाचावे. ठळक छापलेल्या ४५० वॅटसारख्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर महत्त्वाचे: तिथे १८ अँपिअर असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर या दोघांसाठी मिळून प्रत्यक्षात २१६ वॅटच उपलब्ध आहेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे वापरलेले ऑफिस डेस्कटॉप घेऊन त्यांत ग्राफिक्स कार्ड बसवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या अशा अनेक मॉडेलांत २४ पिनांचा कनेक्टर नसतोच. त्याऐवजी ६, ८, १० किंवा १४ पिनांचे त्यांचे स्वतःचे कनेक्टर असतात. बाजारातला एसएमपीएस तिथे थेट लागत नाही. नेमक्या त्या मॉडेलसाठी बनवलेला अडॅप्टर लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत डेलच्या काही संगणकांत तर कनेक्टर दिसायला एटीएक्ससारखाच आणि आतल्या तारांच्या जागा मात्र निराळ्या असत, आणि बाहेरचा एसएमपीएस लावून मदरबोर्ड जळत असत. कनेक्टर बसतो एवढ्यावर विसंबू नये, ही खबरदारी तेव्हापासूनची आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो एसएमपीएसचा दोष समजू नये. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणाऱ्या मंडलातले कपॅसिटर कॅबिनेटला अर्थिंगशी जोडलेले गृहीत धरतात. सॉकेटमध्ये अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असला तरी ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेईपर्यंत संगणक वापरू नये.

शेवटचे लक्षण म्हणजे डिस्प्ले येतो, पण बूट करण्याजोगी डिस्क नाही असा संदेश दिसतो. इथे एसएमपीएसने आपले काम केलेले आहे. डिस्कची डेटा नेणारी साटा केबल निसटली आहे का, तिला वीज जोडली आहे का हे पाहावे, आणि मग बायोसमधली तारीख पाहावी. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली आहे. रोज सॉकेटला जोडलेला असताना संगणक स्टँडबाय विजेवर सेटिंग जपत होता. एसएमपीएस बदलताना ती वीज पूर्ण तुटली आणि बूटचा क्रम, डिस्क हाताळण्याची एएचसीआय किंवा रेड ही पद्धत, युईएफआयच्या (नव्या प्रकारच्या बायोसच्या) सेटिंग, हे सगळे मूळ स्थितीला गेले. नवी बॅटरी टाकून हे पूर्वीसारखे करावे. याच कारणाने विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या तिच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक वापरला जातो त्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते, म्हणून मोबाइलवरून तिथे पाहावे. ती मिळण्याआधी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये, कारण कूटबद्ध डिस्कवरचा डेटा त्यानंतर परत मिळत नाही.

संगणक दुरुस्तीला न्यावाच लागला तर दुकानदाराला नुसते ‘चालू होत नाही’ असे सांगू नये. स्टँडबायचा दिवा पेटतो का, पंखे फिरतात का आणि किती वेळ, मदरबोर्डवरचा कोणता दिवा अडकून राहतो, जुन्या एसएमपीएसवर काय झाले, हे कागदावर लिहून द्यावे. आणि नव्या एसएमपीएसबरोबर त्याच्या सगळ्या केबलही त्याच पिशवीत द्याव्यात, म्हणजे तिथे कुणी दुसऱ्या केबल लावून पाहणार नाही.